लहान मुलांना घेऊन एसटीने नरसोबाच्या वाडीला दोन रात्री मुक्काम : माहिती हवी आहे

अनघा_स्वारगेट

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात, दत्तजयंतीची गर्दी ओसरली की नरसोबाच्या वाडीला दोन रात्रींसाठी जायचं ठरतंय. घरचे सहाजण आहोत: मी, नवरा, सासूबाई (६७), सासरे (७६), मुलगी सात वर्षांची आणि मुलगा साडेतीन वर्षांचा. सासऱ्यांच्या घरात वाडीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. नातवंडांना एकदा घाटावर बसवून पालखी दाखवायची अशी त्यांची फार इच्छा आहे.

आमच्याकडे गाडी नाही. सहा माणसांना भाड्याची गाडी तीन दिवस अडकवून ठेवणं परवडणारं नाही, म्हणून स्वारगेटहून एसटी. विचारायचं आहे ते असं:

सांगलीला उतरून वाडीची गाडी धरावी की कोल्हापूरला? सात वर्षांच्या मुलीला गाडी लागते, त्याचं काय करता? राहायला नदीकाठी खोली मिळते का, आणि साडेतीन वर्षांच्या धडपड्या मुलाला घेऊन तिथे राहणं शहाणपणाचं आहे का? सासरे कृष्णेत स्नान करणारच. मुलांना पाण्यात नेऊ की नको, यावर घरात रोज चर्चा चालू आहे.

हॉटेलची चित्रं आणि तारे नकोत. जे मुलांना घेऊन जाऊन आले आहेत त्यांनी लिहा.

एसटीचा_भक्त

अनघाताई, कोल्हापूरला जाऊ नका. पुण्याहून कोल्हापूर गाठायचं आणि परत पूर्वेला चाळीस-पन्नास किलोमीटर यायचं, यात मुलांचा जीव जातो. सांगली स्टँडवर उतरा. तिथून वाडी, कुरुंदवाडच्या गाड्या अंकली, जयसिंगपूर, शिरोळ करत जातात. जयसिंगपूरला उतरलात तरी पुढची गाडी मिळते. स्वारगेटहून कुरुंदवाडकडे जाणारी थेट गाडी तुमच्या वेळेला बसते का ते चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. बसत असेल तर दुसरा विचारच करू नका. लहान मुलं आणि सामान घेऊन गाडी बदलणं हे अख्ख्या प्रवासातलं सगळ्यांत दमवणारं काम असतं.

तिकिटाचं गणित: सासरे पंचाहत्तरीच्या वरचे, त्यांना प्रवास मोफत. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. सासूबाईंना आणि तुम्हाला अर्धं तिकीट, कारण १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना निम्मं भाडं आहे. मुलगी सात वर्षांची, तिचं हाफ. मुलाला पाच पूर्ण नाहीत, त्याचं काहीच नाही. पूर्ण तिकीट एकट्या तुमच्या यजमानांचं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी सहा माणसांचा हा हिशेब दुसऱ्या कुठल्याही वाहनाला जमणार नाही.

आधार कार्डं मूळ जवळ ठेवा आणि कंडक्टर येण्याआधी हातात काढून ठेवा. शेवटचं महत्त्वाचं: पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, म्हणजे हक्काची सीटही नाही. पाच-सहा तास त्याला मांडीवर घ्यायचं आहे. तिघांची सीट आणि तिच्या पुढची दोघांची अशी जागा धरा, म्हणजे मांड्या बदलता येतील. आरक्षण करूनच निघा.

दोन_पिल्लांची_आई

गाडी लागण्यावर लिहिते, कारण माझ्या थोरल्याला कात्रजचा बोगदा येण्याआधीच सुरुवात व्हायची.

चाकावरची सीट नको आणि शेवटची तर अजिबात नको. मधल्या भागात, खिडकीजवळ, काच उघडी. निघण्याआधी दूध देऊ नका. आमच्या घरी दूध पाजल्याशिवाय मूल बाहेर काढायचं नाही असं सासूबाईंचं म्हणणं होतं आणि ते दूध दर वेळी खंबाटकीच्या घाटात बाहेर यायचं. त्याऐवजी निघण्याच्या तासभर आधी अर्धी पोळी किंवा थोडा मऊ भात. पोट रिकामंही नको, भरलेलंही नको. वाटेत आवळासुपारी, आलेपाकाची वडी, लिंबू. मोबाइल हातात देऊ नका. खाली बघत बसलेलं मूल हमखास उलटी करतं. लांबचं दाखवत राहा: डोंगर, पवनचक्क्या, उसाचे ट्रॅक्टर. औषध द्यायचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे, आणि घरी एकदा देऊन बघितलेलं.

चार कागदी पिशव्या, त्यांच्या आत प्लॅस्टिकच्या. ओला पंचा. एक जोड कपडे मुलाचे आणि एक वरचा कपडा तुमचा. तो डिकीत नको, हातातल्या पिशवीत.

ढकलगाडी नेऊ नका. ती एसटीत ठेवायला जागा नसते, वाडीच्या गल्लीत गर्दी असते आणि देवळाकडे पायऱ्या उतरायच्या असतात. साडेतीन वर्षांचं मूल झोपलं की जुन्या सुती साडीची किंवा ओढणीची झोळी खांद्यावरून बांधा. हात मोकळे राहतात.

वाडीची_लेक

माहेर वाडी. सध्या इचलकरंजीत असते, पण महिन्यातून एकदा तरी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागेची कल्पना देते, कारण "नदीकाठी खोली" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच काहीतरी येतं. वाडीचं देऊळ नदीच्या पात्राला लागून खाली आहे. औदुंबराच्या झाडाखाली दत्ताच्या मनोहर पादुका, समोर घाट, घाटाला लागून कृष्णा, आणि जवळच पंचगंगा येऊन मिळते. देवळाला कळस नाही. गाव त्याच्या वर आहे. बाजारपेठेची गल्ली पेढ्यांच्या आणि पूजासाहित्याच्या दुकानांतून उतरत उतरत थेट देवळापर्यंत येते. पावसाळ्यात पाणी चढलं की देऊळ पाण्याखाली जातं आणि उत्सवमूर्ती वर हलवतात. पादुकांवरून आलेलं पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या स्नानाला दुरून लोक येतात. मुलांना घेऊन त्या दिवसांत मात्र येऊ नका.

म्हणजे काय, तर राहण्याच्या जागा बहुतेक वरच्या अंगाला आहेत. देवस्थानचं भक्तनिवास आहे, जुन्या धर्मशाळा आहेत, खाजगी लॉज आहेत आणि कितीतरी पुजाऱ्यांच्या घरी यात्रेकरूंसाठी खोल्या असतात. तुमच्या सासऱ्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या येतंय म्हणजे त्यांचे पुजारी ठरलेले असणार. त्यांनाच आधी फोन करायला सांगा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असली की पुजाऱ्यांचं घर मला भक्तनिवासापेक्षा सोयीचं वाटतं. रात्री अकराला मूल भुकेनं उठलं तर घरातली बाई भात टाकून देते. हे कुठल्या लॉजवर होणार?

खोली ठरवताना फोनवर हे विचारा: तळमजला आहे का (सासऱ्यांसाठी), संडास खोलीतच आहे का आणि कमोड आहे का, गरम पाणी कोणत्या वेळेत मिळतं, गॅलरी असेल तर कठड्याच्या गजांत किती अंतर आहे. जुन्या इमारतींचे कठडे बुटके असतात आणि गज लांब लांब असतात. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी मी गॅलरीची खोली घेणारच नाही, समोर नदी दिसत असली तरी. खिडकीला जाळी नसते, म्हणून मच्छरदाणी घरून आणा. डिसेंबरात डास कमी असतात, पण संगमाचं गाव आहे, असतातच.

शनिवार, गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. सोमवारी दुपारी पोहोचून बुधवारी सकाळी निघालात तर घाट तुमचाच आहे. पालखीची वेळ आल्या आल्या देवळात विचारून घ्या आणि मुलांना दुपारी झोपवा, म्हणजे रात्री जागी राहतील. दुपारचा महाप्रसाद मुलांना चालतो, तिखट नसतो.

बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यालच. बासुंदी मुलांना परतीच्या गाडीत बसण्याआधी देऊ नका.

पिंपरीचा_बाबा

माझं मत थोडं वेगळं आहे. दोन लहान मुलं, दोन ज्येष्ठ, सहा तास एसटी, मग बदली गाडी. खर्च वाचतो हे खरं, पण सासऱ्यांना मध्येच लघवीला जायचं झालं तर? मुलाला झालं तर? चारचाकी आपण हवी तिथे थांबवू शकतो. दोन दिवस गाडी अडकवायची नसेल तर जाताना एक आणि येताना एक, अशी फक्त सोडणारी करा.

एसटीचा_भक्त

बाबा, प्रश्न रास्त आहे. गाडी हमरस्त्यावर जेवणाचहासाठी थांबतेच आणि सातारा, कऱ्हाड स्टँडवरही आत जाणारी असेल तर तिथेही वेळ मिळतो. चढतानाच कंडक्टरला सांगायचं, "मास्तर, म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे, मध्ये कुठे थांबणार तेवढं सांगा." थांबा नसताना गाडी थांबवून घेतल्याचंही मी पाहिलंय. विनाथांबा गाडी घेऊ नका, एवढंच. आपल्याला थांबणारी गाडीच हवी आहे.

महामार्गाचं रुंदीकरण चालू असल्यामुळे चारचाकीलाही तेवढाच वेळ लागतो, हेही आहेच.

सांगलीवाडी

स्टँडवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतो, लहान मूल असलेल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. एका मोठ्या स्टँडवर मला त्याला कुलूप दिसलं होतं. वाहतूक नियंत्रकांकडे जाऊन किल्ली मागितली, त्यांनी लगेच उघडून दिला. मागा. आपण मागितलं तरच तो उघडा राहणार आहे.

मिरजेचा_माणूस

रेल्वेचाही विचार करा. पुण्याहून मिरजेपर्यंत रेल्वे आणि मिरजेतून अर्जुनवाडच्या पुलावरून वाडी. गाडी लागणाऱ्या मुलांना रेल्वे फार बरी पडते. आणि संडास असतो, बाबांची काळजी तिथेच मिटली. एसटीचा टप्पा मग जेमतेम तासाभराचा राहतो. फक्त मिरज स्टेशन ते मिरज स्टँड रिक्षा करावी लागते, आणि वाडीच्या गाड्यांची वेळ आधी विचारलेली बरी. दुपारी मध्येच बराच वेळ गाडी नसते.

बेळगावची_मंजू

आम्ही निपाणी, इचलकरंजी करून येतो. सीमेपलीकडून येणाऱ्यांसाठी एक सूचना: कर्नाटकच्या लाल गाडीत महाराष्ट्राची महिला सवलत चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीतही ती राज्याच्या हद्दीपुरतीच. माझ्या नणंदेचा कंडक्टरशी यावरून उगीच वाद झाला, त्यांचा काही दोष नव्हता.

मुलांचं म्हणाल तर माझ्या दोघींना वाडीपेक्षा एसटीच जास्त आवडते. तिकिटाचा तो कागद दोघी वहीत चिकटवून ठेवतात.

पाटबंधारे_निवृत्त

स्नानाच्या प्रश्नावर कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी या दोन नद्यांच्या काठी झाली.

वाडीच्या घाटाला दोन वेगवेगळ्या खोऱ्यांचं पाणी येतं. कृष्णेतून महाबळेश्वर-वाईचं, आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर मिळणाऱ्या कोयनेचं. पंचगंगेतून राधानगरीकडचं. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायचं नसतं. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर वाडीत ऊन पडलेलं असलं तरी पाणी चढू शकतं, कारण पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो. सांगलीच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. पावसाळ्यात मुक्कामाला निघणाऱ्यानं हे दोन आकडे सकाळच्या बातम्यांत बघावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं उठवावी लागली. २००५ आणि २०२१ मध्येही वाडीनं महापूर पाहिला. त्या दिवसांत रस्ते तुटतात, एसटी बंद होते, आणि मुलं घेऊन आलेला माणूस अडकतो.

तुम्ही डिसेंबरात जाताय, म्हणून पुराची चिंता नाही. वेगळीच गोष्ट सांगायची आहे. खालच्या अंगाला कृष्णेवर राजापूरचा बंधारा आहे. पावसाळा संपला की बंधाऱ्यांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात. त्यामुळे हिवाळ्यात पाणी संथ दिसतं, बघणाऱ्याला भीती वाटत नाही, पण ते साठलेलं आणि खोल असतं. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली कुठपर्यंत आहेत हे वरून कळत नाही. पाण्यालगतच्या पायरीवर शेवाळ असतं. मोठा माणूस घसरला तर सावरतो, मूल थेट आत जातं.

दुसरं म्हणजे सांगलीच्या वर भिलवडी आणि औदुंबर (तेही दत्ताचं ठिकाण) या गावांच्या पट्ट्यात मगरी आहेत. त्या उन्हाला काठावर येऊन पडतात, अगदी हिवाळ्यातच. औदुंबरला जोडून जाणाऱ्यांनी घाट सोडून निर्जन काठावर मुलांना खेळायला सोडू नये.

तिसरं म्हणजे पंचगंगेत वरच्या शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं. वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, न्यायालयापर्यंत गेलं, तरी उन्हाळ्याकडे जलपर्णी आणि वास असतोच. ज्या नदीकाठी मी आयुष्य काढलं तिच्याबद्दल हे लिहिताना फार वाईट वाटतं. पण मुलाच्या नाकातोंडात ते पाणी जाऊ नये, हे मी माझ्या नातवाच्या बाबतीत कटाक्षानं पाळतो.

कोपेश्वर

दादा, माहिती उत्तम. पण स्नानाशिवाय वाडी म्हणजे आमच्या पिढीला पटत नाही. माझे वडील मला वयाच्या चौथ्या वर्षी खांद्यावर घेऊन उतरले होते.

पाटबंधारे_निवृत्त

मलाही तसंच नेलं होतं. त्या वेळी पाणी ओंजळीनं प्यायचो. श्रद्धेला माझा विरोध नाही, मी स्वतः अजून बुडी मारतो. मुलांसाठी एक तांब्या पाणी भरून वरच्या कोरड्या पायरीवर आणायचं आणि पायांवर घालायचं, डोक्याला बोट लावायचं. नमस्कार तेवढाच पोहोचतो.

वाडीची_लेक

आमच्या घरीसुद्धा मुलांना तांब्यानंच. माझ्या आजीनं सुरू केलं ते, आणि आजी कर्मठ होती.

आणखी एक नियम आम्ही पाहुण्यांना सांगतो: घाटावर एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसानं त्या वेळी दुसरं काही करायचं नाही. फोटो नाही, पूजा नाही, पेढ्याचा पुडा सोडणं नाही. "सगळे आहेत ना" असं प्रत्येकाला वाटतं तेव्हाच मूल निसटतं. पाळी लावून घ्या. सासरे स्नान करतील तेव्हा मुलाचा हात कुणाच्या हातात आहे हे खोलीतून निघतानाच ठरलेलं असू द्या.

होडीत बसायचं असेल तर आधी लाइफ जॅकेट मागा. लहान मापाचं नसेल तर बसू नका. होडीवाले आमच्या गावचेच आहेत, तुम्ही मागितलं म्हणून कुणाला राग येत नाही.

अनघा_स्वारगेट

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला. तांब्याची गोष्ट त्यांना लगेच पटली, घरातली चर्चा तिथेच संपली. पुजाऱ्यांच्या घरी फोन झाला, तळमजल्याची खोली मिळाली आहे. आधी मिरजेच्या रेल्वेचा विचार होता, पण परतीची वेळ जमेना, त्यामुळे जाताना एसटी आणि येताना रेल्वे.

खिद्रापूर या दोन दिवसांत होण्यासारखं आहे का?

कोपेश्वर

होण्यासारखं आहे, आणि मुलांना न्याच. कोपेश्वराच्या देवळातला स्वर्गमंडप गोल आहे, वर छप्पराला मोठं वर्तुळ मोकळं सोडलंय आणि भोवती ४८ खांब. मुलीला खांब मोजायला सांगा, तेवढ्यात तुमचं देऊळ शांतपणे बघून होईल. शिलाहारांच्या काळातलं काम आहे, बाहेरच्या हत्तींच्या रांगेपाशी लहान मूल अर्धा तास रमतं. महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हेही मुलांना शोधायला लावा.

बस मात्र कुरुंदवाडहून, आणि मोजक्याच. जाणारी गाडी मिळते, परतीची चुकली की उन्हात बसावं लागतं. उतरल्या उतरल्या कंडक्टरला परतीची वेळ विचारा. सासू-सासरे बरोबर असतील तर कुरुंदवाडहून रिक्षा ठरवून न्या आणि थांबवून ठेवा.

अनघा_स्वारगेट

जाऊन आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांच्यासाठी आणि पुढे वाचणाऱ्यांसाठी.

जातानाची गाडी आरक्षण करून घेतली होती, तीन आणि दोन अशाच सीट मिळाल्या. मुलीला दूध दिलं नाही, खिडकी उघडी, आवळासुपारी तोंडात. खंबाटकी पार झाली आणि तिला काही झालं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती साताऱ्यापर्यंत गाणी म्हणत गेली. कऱ्हाडच्या पुढे दमली आणि एकदा झालंच, पण पिशवी हाताशी होती. मुलगा चार मांड्यांवर फिरून शेवटी आजोबांच्या मांडीवर झोपला. आजोबांनी पाय आखडले तरी त्याला कुणाकडे दिलं नाही.

सांगलीपासूनचा टप्पा सगळ्यांत सुंदर. उसाचा हंगाम भरात होता. शिरोळचा रस्ता म्हणजे दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. गाडी त्यांच्यामागे हळूहळू चाललेली, त्यामुळे मुलांना सगळं नीट बघता आलं. पुढे जाणाऱ्यांनी एवढं धरा की डिसेंबरात हा टप्पा कागदावरच्या वेळेत होत नाही. शेवटच्या तासासाठी खाणं आणि पाणी वेगळं काढून ठेवा. आमच्या पुढच्या सीटवरच्या मावशींनी मुलांना उसाची कांडी सोलून दिली, हे एसटीतच होतं.

खोली देवळापासून चालत दहा मिनिटांवर. गॅलरी नव्हती. घरातल्या काकूंनी दोन्ही रात्री मुलासाठी मऊ भात आणि तूप वेगळं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कृष्णाकाठची वांगी भरून केली, ती मुलीनं मागून खाल्ली. पुण्यात ती वांग्याकडे बघतही नाही.

घाटावर एका मुलामागे एक मोठा माणूस हा नियम आम्ही दोन्ही दिवस पाळला. तो किती गरजेचा आहे हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. पाणी इतकं शांत होतं की मुलगा पायऱ्या उतरत थेट निघाला होता, त्याचा हात नवऱ्याच्या हातात होता म्हणून बरं. सासऱ्यांनी स्नान केलं, तांब्या भरून वर आणला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं. पालखीला मुलगी पूर्ण वेळ जागी होती. मुलगा झोळीत झोपला, पण "करुणात्रिपदी म्हणताना तो डोळे उघडून बघत होता" असं सासूबाई सगळ्यांना सांगताहेत आणि मी ते मान्य केलेलं आहे.

खिद्रापूरला रिक्षा ठरवून गेलो. खांब ४८च भरले, मुलीनं दोनदा मोजले.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नव्हती: घाटाच्या दगडी पायऱ्या सकाळी बर्फासारख्या गार असतात आणि दुपारी तापतात. देवळाच्या आवारात चपला बाहेर. मुलांसाठी जाड मोज्यांचे दोन जोड न्या. ओल्या पायरीवर मात्र मोजे काढायचे, घसरतात.

रोहिणी_ठाणे

अनघा, फार उपयोगी लिहिलंस. आमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे आणि फेब्रुवारीत असंच जायचं म्हणतोय, ठाण्याहून. एवढ्या लहान बाळाला एसटीनं न्यावं का?

दोन_पिल्लांची_आई

ठाण्याहून पूर्ण एसटी नको. रात्रीच्या रेल्वेनं मिरज, सकाळी तिथून वाडी. नऊ महिन्यांचं बाळ अंगावर पीत असेल तर तुमचं निम्मं काम सोपं आहे. वरचं खात असेल तर नाचणीचं सत्त्व भाजून, डबीत कोरडं घेऊन जा, पाणी उकळून मिळालं की झालं. पाणी मात्र उकळलेलंच, आणि ते खोलीवर पोहोचल्या पोहोचल्या मागून थर्मासमध्ये भरून ठेवा. फेब्रुवारीत पहाटे थंडी आणि दुपारी ऊन असतं, कानटोपी आणि सुती टोपी दोन्ही घ्या.

वाडीची_लेक

आणि रोहिणी, खोलीला पाळणा टांगायला कडी आहे का विचार. जुन्या घरांत असते. आमच्या घरी माजघराच्या तुळईला आहे, येणाऱ्या प्रत्येक बाळाला आई झोळी बांधून देते. फेब्रुवारीतली पौर्णिमा कधी येते ते कॅलेंडरात बघून तारीख ठरव आणि मला व्यक्तिगत निरोप कर, पुजाऱ्यांशी बोलून ठेवते.